अर्धा रस्ता

कराडच्या मार्केट यार्डातनं रात्री साडेबाराला माळवं भरून निघायचं, कुंभार्ली घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत चिपळूणच्या गाळ्यांवर माल टाकायचा, हे माझं नऊ वर्षांचं काम. पिकअप स्वतःची आहे. शेजारी भाचा असतो आणि मोबाइल त्याच्याकडं. कायद्यानं ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता बघायला वापरता येतो. आमच्या गाडीत चालवणाऱ्यानं त्याला हातच लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली रात्र. हेळवाक सोडलं आणि धुकं काचेला येऊन चिकटलं. घाटमाथ्यावरच्या टपऱ्या बंद होत्या. चार-पाच वळणं उतरलो असू, तेवढ्यात पुढचा ट्रक जागेवर थांबला. उतरून बघतो तर डोंगराच्या अंगानं माती, दगड आणि मुळासकट एक झाड खाली आलेलं. फांद्या पार दरीकडच्या कठड्याला टेकलेल्या. पावणेतीन वाजले होते.

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त मागनं येणारी गाडी होती. उतार, धुकं, भरलेला माल. थांबलेला ट्रक दिसेपर्यंत ब्रेक लावायला जागाच उरत नाही. भाच्याला म्हणालो, "ॲपवर टाक. रस्ता बंद म्हणून टाक."

"मामा, रेंज नाही."

"मग बॅटरी घे, वर चालत जा. येणाऱ्या गाड्या थांबव आणि रेंज मिळेल तिथनं टाक."

तो दोन वळणं वर गेला. तिथनं त्यानं नकाशाच्या ॲपवर रस्ता बंद असल्याची लाल खूण टाकली. मागं लागलेल्या गाड्यांतल्या काहींनी त्याला लगेच दुजोरा दिला.

माझ्या घाईला कारण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात गेला. दोन एसट्या आणि काही मोटारी अंधारात थेट नदीत गेल्या. मी तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर मुंबई-गोवा रस्त्यानं फेऱ्या मारत होतो आणि दोनच दिवस आधी तो पूल ओलांडला होता. पुढं रस्ता उरलेला नाही हे त्या एसटीच्या ड्रायव्हरला सांगायला कुणी असतं तर, हा विचार मला आजही पावसाळी रात्री सोडत नाही. म्हणून हे ॲप हातात आल्यापासून खड्डा असो, मोरी खचलेली असो, की वळणावर बंद पडलेला ट्रक असो, मी कळवत आलो.

त्या रात्री एका ट्रकवाल्याकडं कोयता निघाला, दुसऱ्याकडं दोर. दहा-बारा जणांनी फांद्या तोडल्या, झाडाचा शेंडा ओढून डोंगराकडं घेतला, दगड बाजूला लोटले. तीन पंचविसाला दरीकडची अर्धी बाजू मोकळी झाली. आधी चढाच्या गाड्या सोडल्या, मग आम्ही उतारावरचे एकेक करून निघालो. रस्ता चाळीस मिनिटं बंद होता.

घाटाच्या पायथ्याला पोफळीत आलो तेव्हा मोबाइलला पूर्ण रेंज होती. भाचा दमून झोपलेला. दोन मिनिटं गाडी कडेला घेतली असती, त्याला हलवलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण आधीच उशीर झालेला. वेळेत पोचलो नाही तर टोमॅटोचा भाव पडतो, हेच डोक्यात. मी गाडी दामटली.

चिपळूणला ज्या शेठच्या गाळ्यावर माझा अर्धा माल उतरतो, तिथं त्या दिवशी फक्त हमाल होता. "शेठ पाचला गेले कराडला, ताईची परीक्षा आहे," तो म्हणाला. शेठच्या मुलीची सरळसेवा भरतीची परीक्षा, नऊची वेळ, साडेआठला गेट बंद. मी म्हटलं, मग घाटातनं एकेरी सोडतायत, जरा वेळ लागेल हे त्यांना सांगून ठेवू. फोन लावला तेव्हा सव्वासहा झाले होते.

"घाटातनं कुठं? घाट बंद आहे ना," शेठ म्हणाले. "बहाद्दूरशेख नाक्यावरच मोबाइलवर लाल खूण दिसली. अकरा जणांनी बंद म्हणून सांगितलंय. आम्ही साखरप्यावरनं आंबा घाटानं निघालोय. संगमेश्वर गेलं."

माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. कसाबसा म्हणालो, "शेठ, ती खूण माझी आहे. घाट साडेतीनलाच सुटलाय."

पलीकडं थोडा वेळ फक्त गाडीचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "मागं फिरलो तर?" मी हिशेब केला, त्यांनीही केला असणार. संगमेश्वरच्या पुढनं चिपळूण, तिथनं घाट, मग कराड. दहा वाजून गेले असते. आंबा घाटानं गेलं तरी तेच. ते पुढं गेले. कराडला पोचले तेव्हा गेट बंद होऊन दीड तास झाला होता.

त्या अकरा जणांचा मला राग नाही. माझ्या मागं रांगेत अडकलेली ती माणसं होती, त्यांनी बघितलं ते खरंच सांगितलं. फक्त रस्ता सुटल्यावर प्रत्येकजण माझ्यासारखाच निघून गेला. सुटला म्हणून सांगायला एकही परत ॲपवर आला नाही. एरवी गाड्या चालताना दिसल्या की ॲपला वाहतूक सुरू असल्याचा अंदाज येतो. त्या वळणांवर रेंजच नाही, पहाटे गाड्याही मोजक्या. मग त्याच्याकडं आमचाच शब्द उरला, आणि तो शिळा झालेला.

परतताना भाच्यानं पोफळीतनं "आता नाही" असं दाबलं. एकट्याच्या दाबण्यानं खूण लगेच हलत नव्हती. म्हणून चहाच्या टपरीवर जेवढे ड्रायव्हर वरनं उतरून आले, तेवढ्यांना हात जोडून दाबायला लावलं. खूण गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. वर जाऊन बघितलं तर आमची खूण मुळात चुकीच्या जागी होती. झाड जिथं पडलं तिथं नाही, भाच्याला रेंज मिळाली तिथं, दोन वळणं वर. घाटात दोन वळणं म्हणजे थोडं अंतर नाही. खालनं चढणाऱ्या गाडीला अडथळा खुणेच्या आधीच समोर आला असता, बेसावध असताना. बांधकाम खात्याचा जेसीबी तेव्हा उरलेली माती काढत होता.

ओळखीचे म्हणाले, मनाला लावून घेऊ नको, रस्ता चुकून उघडा दाखवण्यापेक्षा चुकून बंद दाखवलेला बरा. मलाही आधी तसंच वाटायचं. पण दोन दिवसांनी शेठ मला म्हणाले, "यापुढं त्या लाल खुणेवर आपण थांबणार नाही बुवा. जाऊन बघू." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक मोटार मोबाइलवरचा रस्ता बघत थेट पाण्यात गेली होती. धरणाच्या फुगवट्यात पूल बुडालेला, चालवणारा वाचला नाही. अशा ठिकाणी उद्या कुणी खरी खूण टाकेल, आणि माझ्या खोट्या ठरलेल्या खुणेनं पोळलेला माणूस ती बघूनही पुढं जाईल. मुलीची परीक्षा बुडाली हे नुकसान मला दिसलं. हे दुसरं कुठं, कुणाचं होईल ते मला दिसणारही नाही.

मुलगी गाळ्यावरच बसली होती. मी तिची माफी मागितली. तिनं विचारलं, "काका, तुम्ही टाकलंत तेव्हा रस्ता खरंच बंद होता?"

"होता. चाळीस मिनिटं."

"मग तेवढंच लिहायचं ना. झाड पडलंय, माणसं काढतायत. आम्ही पोफळीपर्यंत येऊन थांबलो असतो."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला मान वर करता आली नाही. ती परीक्षा परत कधी निघेल, हे तिला त्या दिवशी कुणीच सांगू शकत नव्हतं.

तेव्हापासून गाडीत एक जुनी वही ठेवलीय. भाचा खूण टाकतो तेव्हा वेळ आणि जागा वहीत लिहितो. पूर्ण रस्ता अडलेला असेल तरच "बंद". एक बाजू चालू असेल तर "अडथळा", आणि लिहायला जागा असेल तर चढाची बाजू की उताराची, छोटी गाडी जाते की नाही, काढायला कुणी आलंय का. रेंज नसेल तर जागा आधी नकाशावर नीट पकडून ठेवायची, मग रेंजमध्ये येऊन टाकायची. दुसऱ्याच्या खुणेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय, दुजोरा द्यायचा नाही. आणि रस्ता सुटला की ॲपवर "आता नाही" दाबून वहीतली ओळ खोडल्याशिवाय पोफळी सोडायची नाही. उतरताना नाही जमलं तर परतताना ती जागा बघून खोडायची.

गेल्या पावसाळ्यातली एक ओळ अशी आहे: "पहाटे ३.१०, सोनपात्र वळण, दगड, डोंगराची बाजू, उतरणाऱ्यांना अडचण, छोटी गाडी जाते." खाली भाच्याच्या अक्षरात: "५.५५ ला काढले." त्या दिवशी परतताना ती जागा बघितली आणि रेंज मिळाल्यावर मी शेठना फोन केला, घाट मोकळा आहे एवढंच सांगितलं. त्यांना कुठं जायचं नव्हतं. तरी त्यांनी दगड कुठं पडले होते, कधी काढले, सगळं नीट विचारून घेतलं.