जुनं विणकामाचं पुस्तक: आधी साल, मग सुई

जुन्या बाजारात किंवा रद्दीवाल्याकडे विणकामाचं जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं की लगेच टाके घालायला बसू नये. ते कुठल्या देशातलं आणि साधारण कुठल्या काळातलं, हे आधी काढावं. शब्द तेच राहिले, पण त्यांचे अर्थ देशागणिक आणि काळागणिक वेगळे आहेत.

साल बरेचदा छापलेलंच नसतं. मग किंमत बघा. शिलिंग-पेन्स असतील तर फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं. इथल्या दुकानदाराचा शिक्का असेल तर आणखी सोपं: आणे म्हणजे बहुधा १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ म्हणजे १९५७ ते १९६४. पेटन्स आणि बाल्डविन्स ही लोकर कंपन्यांची दोन नावं जोडून आली असतील तर १९२० नंतरचं, कारण दोन्ही कंपन्या त्या वर्षी एक झाल्या.

त्याहून जुनं बहुतेक संगणकाच्या पडद्यावरच वाचायला मिळतं. एडिनबरोच्या जेन गॉगेन यांचं पुस्तक १८४० चं. टाक्यांसाठी अक्षरखुणा वापरणाऱ्या पहिल्या काही लेखिकांपैकी त्या एक, पण खुणा त्यांच्या स्वतःच्या. आजच्या समजुतीने वाचल्या तर वीण भलतीच होते. फ्रान्सिस लँबर्ट यांनी १८४० च्या दशकात सुया मोजायची पट्टी पुढे आणली, कारण तोवर एका लेखिकेची चौदा नंबरची सुई दुसरीच्या चौदाशी जुळेल याची खात्री नव्हती. वेल्डन्सचे स्वस्त मासिक अंक १८८० च्या दशकातले, आणि तेरेझ द दिल्मों यांचा भरतकाम-विणकामाचा जाडजूड ग्रंथ १८८६ चा. रिचर्ड रट या विणकामाच्या इतिहासकार बिशपांनी जमवलेली अशी बरीच पुस्तकं साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत आणि त्यांतली कितीतरी इंटरनेट आर्काइव्हवर फुकट उतरवता येतात. वाचायला मौज, विणायला कटकट: एका इंचात किती टाके बसावेत हे त्यांत बहुधा नसतंच.

क्रोशात सगळ्यात जास्त घोळ होतो. आपला मुका खांब म्हणजे ब्रिटिश पुस्तकातलं ‘डबल क्रोशे’ आणि अमेरिकन पुस्तकातलं ‘सिंगल क्रोशे’. आपला खांब ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’, अमेरिकेत ‘डबल’. त्यात भर म्हणजे जुन्या ब्रिटिश पुस्तकात ‘सिंगल’ म्हणजे नुसती स्लिप स्टिच, जवळजवळ उंची नसलेला सरकता टाका! देश ओळखायचा तर ‘मिस’ (टाका सोडणं) आणि ‘टेन्शन’ (इंचात किती टाके बसतात ते प्रमाण) हे शब्द ब्रिटिश, त्याच अर्थांचे ‘स्किप’ आणि ‘गेज’ अमेरिकन. तेही सापडले नाहीत तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या मोजा. ‘ट्रेबल’साठी तीन साखळ्या असतील तर ब्रिटिश, चार असतील तर अमेरिकन. चुकीचा अर्थ धरला तर रुमाल निम्म्या उंचीचा होतो, किंवा गोल बसायच्या जागी कडेला झालरीसारखा फुगतो.

सुयांचे आकडेही असेच. ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते: १४ म्हणजे २ मिमी, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४ मिमी. अमेरिकन आठ नंबर मात्र ५ मिमीची. तुळशीबागेतून सुया आणताना पुस्तकातला नुसता आकडा सांगू नका, मिलिमीटर बघून घ्या.

आता लोकर. जुन्या ब्रिटिश स्वेटरांना बारीक, तीन-चार पदरी लोकर असते आणि इंचाला सात टाके हे प्रमाण नेहमीचं. ३४ इंच घेरासाठी २३८ टाके. तेवढेच टाके आज सहज मिळणाऱ्या जाड ‘डबल निटिंग’ लोकरीत, इंचाला साडेपाचच्या हिशेबाने, घातले तर घेर ४३ इंचांवर जातो. म्हणून आधी चार इंचांचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजायचा. कंटाळा आला तरी. वजन औंसांत असतं, एक औंस २८.३५ ग्रॅम. बारा औंसांचे ३४० ग्रॅम होतात, म्हणजे ५० ग्रॅमचे सात गुंडे. पण हा हिशेब तीच जाडी आणि तोच धागा असेल तरच खरा. लोकरीऐवजी सुती दोरा घेतला तर वजन वाढतं, तेव्हा लांबीवरून मोजा.

‘मेक वन’ ही सूचना दिसली की थांबा. आज तिचा अर्थ दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पिळून विणायचा, भोक न पाडता. जुन्या ब्रिटिश नमुन्यांत बहुतेकदा धागा पुढे घेऊन वेढा द्यायचा असतो, आणि जाळीचं भोक हवंच असतं. जाळीच्या शालीत आजचा अर्थ लावला तर टाक्यांची संख्या बरोबर येते, नक्षी मात्र गायब. मोजून चूक सापडत नाही ती यामुळेच.

पुस्तक सांभाळायचं तर पहिला शत्रू म्हणजे पानं जोडणाऱ्या लोखंडी पिना. पुण्याच्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधलं पान खातात. पातळ सुरीने पिनांची टोकं सरळ करून त्या काढा, जुन्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवून घ्या. सेलोटेप मुळीच नको: काही वर्षांत डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि नेमका आलेखाच्या चौकटींवर डाग उमटतो. विणताना मूळ पुस्तक मांडीवर घेऊ नका, पानाची झेरॉक्स काढा आणि खुणा तिच्यावर करा.