विक्री कुठल्या चलनात, खर्च कुठल्या चलनात?

देशाचं चलन वधारलं की निर्यातदार मार खातात, हे बाजारात इतकं रुळलंय की त्यापुढे फारसं कुणी विचारत नाही. मला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: कंपनीचा खर्च कुठल्या चलनात होतो?

१५ जानेवारी २०१५ घ्या. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोचा दर १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. त्या दिवशी तिने ध्यानीमनी नसताना हात काढून घेतला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला, म्हणजे फ्रँक एकदम वधारला. स्विस शेअर निर्देशांक दिवसअखेर आठ टक्क्यांहून जास्त पडला. स्वॉचचा शेअर पंधरा टक्क्यांहून अधिक कोसळला. नेस्लेचाही पडला, पण त्यामानाने बराच कमी. बहुतेक विक्री देशाबाहेर, हे दोघांनाही लागू. पण स्वॉचची घड्याळं मुख्यतः स्वित्झर्लंडमध्ये बनतात, पगार फ्रँकमध्ये जातात. नेस्लेचे कारखाने जगभर पसरलेले.

आकडे मांडून बघा. परदेशात १०० ची विक्री, खर्च ८०, नफा २०. आपलं चलन वधारल्याने विक्रीचे ९० च हाती आले. खर्च घरच्या चलनात असेल तर तो ८० च राहतो आणि नफा १० वर येतो. थेट निम्मा! खर्चही परदेशी चलनात असेल तर तो ७२ होतो, नफा १८. मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, जितकं कमी, तितका दणका मोठा.

म्हणून वार्षिक अहवाल हातात आला की मी आधी टिपांमधला चलन-जोखमीचा तक्ता काढते, आणि तो जपून वाचते. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार हा तक्ता येणी, देणी, कर्जं, वायदे अशा वित्तीय साधनांपुरता असतो. पुढच्या वर्षी होणारी विक्री त्यात धरलेलीच नसते. तिथे ‘परिणाम नगण्य’ वाचून निर्धास्त होणाऱ्या गुंतवणूकदारांची मला खरंच काळजी वाटते. हेजिंग, म्हणजे वायदा करून दर आधीच बांधून घेणं, हेही वायद्याची मुदत असेपर्यंतच. नंतरचा करार नव्या दरानेच होतो.

आणि सगळी विक्री देशातच आहे म्हणून कंपनी सुटली, असंही नाही. कर्ज डॉलरमध्ये असेल तर चलन घसरताच फेडीचा बोजा वाढतो. चलन वधारलं तर आयात माल स्वस्त होतो आणि तिचं गिऱ्हाईक तिकडे वळतं. यातलं दुसरं त्या तक्त्यात कधीच दिसत नाही.