लाल दिसलेली प्रत्येक पेशी ॲस्ट्रोसाइट नसते

उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी संबंधित भागाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाला, तेव्हा मला फक्त ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चांदणीसारखे फाटे फुटलेल्या पेशी, लाल चमकताना दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या; पण त्यांच्या शेजारी डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्याच पट्ट्यातल्या गोलसर चेतापेशींची दाट रांगही तितकीच लाल होती. उंदीर जीएफएपी-क्रे वंशाचा होता, म्हणजे ॲस्ट्रोसाइटची ओळख मानल्या जाणाऱ्या जीएफएपी जनुकाचा प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) त्यात क्रे हे विकर बनवून घेतो; पिंजऱ्यावरची चिठ्ठी बरोबर होती आणि जनुकीय तपासणीतही चूक नव्हती.

चूक माझ्या गृहीतकात होती. क्रे हे विकर ३४ बेसजोड्यांच्या दोन लॉक्सपी खुणांमधला डीएनए कापून काढते (इथे लाल रंगाच्या जनुकाला अडवणारा तुकडा) आणि तो बदल पेशीच्या सगळ्या वंशजांत कायम राहतो. या उंदरातला मानवी जीएफएपी प्रवर्तक भ्रूणाच्या मेंदूतल्या मूळपेशींमध्येच जागा होतो, आणि त्यांच्यापासून पुढे चेतापेशीही घडतात. म्हणजे लाल रंग पेशीची आजची ओळख सांगत नाही, तिच्या पूर्वजात हा प्रवर्तक कधीतरी चालू झाला होता एवढेच सांगतो. अशा उंदरात एखादे जनुक काढल्यावर स्मरणशक्ती बिघडली, तर त्याचे खापर ॲस्ट्रोसाइटवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच चालू होणारे क्रे वापरले की काळाचा हा प्रश्न बराच सुटतो, पण सगळा नाही. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशींसाठी सर्रास वापरला जाणारा सीएक्स३सीआर१-क्रेईआर (सीएक्स३सीआर१ जनुकावर बेतलेले, टॅमॉक्सिफेनने चालू होणारे क्रे असलेला) उंदीर रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींनाही खूण करतो. काही आठवडे थांबले की मोनोसाइट बदलतात आणि दीर्घायुषी मायक्रोग्लियावरची खूण टिकते, ही युक्ती चांगली आहे. मात्र मेंदूच्या आवरणांतल्या आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशीही दीर्घायुषी असल्यामुळे त्यांच्यावरची खूणही तशीच राहते. शिवाय क्रे त्या जनुकाच्या जागी बसवलेले असल्याने उंदराकडे सीएक्स३सीआर१ची एकच चालू प्रत उरते, आणि टॅमॉक्सिफेन न देताही थोडी काटछाट होऊ शकते. म्हणून तुलनेसाठी केवळ क्रे असलेला आणि औषध न दिलेला, असे दोन्ही गट ठेवावेच लागतात. (नेस्टिन या दुसऱ्या जनुकावर बेतलेले नेस्टिन-क्रे उंदीर तर लॉक्सपी खुणा नसतानाही वजनाने कमी भरतात.)

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदराच्या संपूर्ण मेंदूच्या नकाशात पेशींचे ५,३०० हून अधिक गट आहेत. एका जनुकाच्या प्रवर्तकावर बेतलेला उंदीर त्यांपैकी एकच गट नेमका पकडेल, ही अपेक्षा मुळातच जास्त आहे. माणसाच्या मेंदूत २०१८ साली वर्णिलेल्या 'रोझहिप' चेतापेशींसारखा प्रकार तर उंदरात आढळलेलाच नाही.

आता मी नवा वंश हाती आला की आधी काप घेऊन न्यूएन (चेतापेशींची खूण) आणि सॉक्स९ (ॲस्ट्रोसाइटची खूण) या प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवते, आणि लाल पेशींपैकी किती चेतापेशी व किती ॲस्ट्रोसाइट, तसेच एकूण ॲस्ट्रोसाइटपैकी किती लाल, हे दोन्ही मोजते. त्यानंतर लक्ष्य जनुक खरोखर कापले गेले का, हे वेगळे तपासते, कारण लाल रंगाला अडवणारा डीएनए सहज कापला जातो आणि त्याच पेशीतले लक्ष्य जनुक शाबूत राहू शकते.