कॉलेज मिळालं, आता रात्रपाळीचं बघा

मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेज 1962 पासून आहे. साताऱ्याचं शासकीय कॉलेज 2021-22 मध्ये 100 जागांवर सुरू झालं, तेही जिल्हा रुग्णालयाला जोडून. आता पुण्याला पळायला नको, असं लोकांना वाटणं रास्तच आहे. पण कॉलेज नवं असताना वॉर्डात लगेच फरक का पडत नाही, हे समजून घ्यायला हवं.

शिकवणाऱ्या रुग्णालयात रात्र निभावतात ते इंटर्न आणि निवासी डॉक्टर. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, इंटर्नशिप त्यानंतर. पहिले इंटर्न वॉर्डात यायलाच एवढा काळ जातो. पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) जागा मंजूर होईपर्यंत निवासीही मोजकेच.

त्यात पदांचा हिशोब. आठवड्याचे तास 168. एक माणूस 48 तास करणार, म्हणजे एका जागेवर चोवीस तास कुणीतरी हवं तर साडेतीन माणसं लागतात. रजा धरल्या तर चार-पाच. भूलतज्ज्ञ दोनच असतील तर कागदावर विभाग आहे, रात्री दोन वाजता नाही.

हे कुठे नडतं? माण किंवा जत तालुक्यात रात्री झोपेत मण्यार चावते. सूज नाही, दाताची खूणही बहुतेकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरच्या लसीच्या 10 कुप्या सुरू करता येतात, करायलाच हव्यात. पण विषाने मज्जातंतूंची टोकं निकामी झाली की लस ती दुरुस्त करत नाही. मग श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर, कधीकधी कित्येक दिवस. असा रुग्ण वाचू शकतो, फक्त नळी घालणारा हात त्या वेळी जागेवर हवा.

घोणसेचं वेगळं. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून रुग्णाचं थोडं रक्त परीक्षानळीत घेऊन 20 मिनिटांत गोठतं का, ते बघायचं. ही नळी काचेचीच, कोरडी आणि नवी हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना लस जाते. एवढी साधी गोष्ट आरोग्य केंद्रातल्या प्रत्येकाला शिकवणं हे कॉलेजचं काम आहे, असं मी मानतो.

आणखी एक अडचण: जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. कोणती नर्स कुणाच्या आस्थापनेवर, औषधं कुणाच्या बजेटमधून, हे रुग्णालयाच्या हस्तांतराआधी लेखी ठरलं नाही तर जुनी माणसं बदलून जातात आणि नवी पदं भरलेली नसतात.

कॉलेजच्या ग्रामीण प्रशिक्षण केंद्राची जागा निवडताना विद्यार्थ्यांच्या बसची सोय आधी बघितली जाते. ते केंद्र माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडकडे हवं. इंटर्नला तिथे मुक्कामाला खोल्या, सोबत एक अनुभवी शिक्षक, आणि कॉलेजच्या आयसीयूत चोवीस तास उचलला जाणारा एक फोन. इमारतीच्या पुढच्या टप्प्याआधी हा खर्च करावा.