जॅकेटवर काय कुठे लावायचं?

"मेजर, बुलेटप्रूफ जॅकेटवर काय काय लावायचं आणि कुठं?" भरतीची तयारी करणारी आमच्या गावातली पोरं हे हमखास विचारतात. (मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.) मोबाइलवरच्या गेममध्ये 'लेव्हल थ्री'चं जॅकेट घातलं की झालं, असं त्यांना वाटतं. उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

आधी प्लेट, म्हणजे जॅकेटच्या आत पुढे आणि मागे बसवलेली टणक पाटी. पाऊच वगैरे सगळं त्यानंतर. जॅकेट गोळी अडवतं ते प्लेटच्या जोरावर, आणि प्लेट असते जेमतेम वहीपेक्षा थोडी मोठी, साधारण 10 बाय 12 इंच. तिनं काळीज, फुप्फुसं आणि वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या झाकायच्या. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे बोट ठेवलं की खाच लागते. प्लेटची वरची कड तिथपर्यंत यायला हवी, आणि पाठीमागची प्लेटही त्याच उंचीवर. नवा जवान खांद्याचे पट्टे सैल सोडतो, कारण वजन पोटावर टेकलं की बरं वाटतं. मग प्लेट पोट झाकते आणि काळजाचा वरचा भाग उघडा पडतो. कमरेचा पट्टा मात्र छाती फुगवून, पूर्ण श्वास घेऊन बांधावा. श्वास सोडून बांधलात तर पहिल्याच चढाला जीव कासावीस होईल.

वजनाचा हिशोब पोरांना मी वहीवर करायला लावतो. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं 2024 मध्ये पुढे आणलेली 'अभेद' जॅकेटं हलकी म्हणून गाजली, ती 8.2 आणि 9.5 किलोची. आम्ही त्याहून जड घालून काश्मीरचे डोंगर चढलो. त्यात एके रायफलचं तीस गोळ्यांनी भरलेलं लोखंडी मॅगझिन सुमारे 800 ग्रॅमचं. सहा घेतली की पाच किलो झाले. पाणी, रेडिओ, ग्रेनेड, पटका (डोक्यावरचं बुलेटप्रूफ कवच) हे सगळं वेगळंच. म्हणून जॅकेटवर जागा आहे एवढ्यासाठी कुठलीही वस्तू लावू नये.

पाऊच कसे अडकवायचे हा पुढचा प्रश्न असतो. जॅकेटवर आडव्या पट्ट्यांच्या ओळी दिसतात ना, त्या एक इंच रुंद असतात आणि दीड-दीड इंचावर टाचलेल्या असतात. ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकी लष्करानं आणली, आता जगभर तीच चालते. पाऊचची पट्टी एकदा जॅकेटच्या पट्टीखालून, मग पाऊचच्या पट्टीखालून, पुन्हा जॅकेटच्या, अशी विणत न्यायची. बाज विणल्यासारखंच. पुष्कळ जण ती जॅकेटच्या पट्ट्यांतून सरळ खाली खेचतात आणि शेवटी बटण लावतात. धावताना असा पाऊच लोंबतो, हात मारावा तेव्हा जागेवर सापडत नाही.

मॅगझिन पुढे, पण एकाच थरात. दोन-तीन थर चढवले की फोटो रुबाबदार येतो, जमिनीवर झोपायची वेळ आली की तुम्ही वीतभर वर उचललेले राहता. त्या वीतभराचं मोल मला माहीत आहे. सगळी मॅगझिनं एकाच दिशेला तोंड करून ठेवावीत, म्हणजे हातात आलेलं मॅगझिन फिरवावं लागत नाही. उजवा हात रायफलवर असतो, म्हणून मॅगझिन आणि रेडिओ दोन्ही डाव्या हाताला मिळायला हवेत. उजवा खांदा मोकळा सोडा, तिथे रायफलचा दस्ता टेकतो. होकायंत्र रेडिओला चिकटून ठेवू नका, सुई भरकटते. पाठीवर फुगीर काही लावलंत तर गाडीत बसताच ते तुम्हाला पुढे ढकलेल. आणि सगळं लावून झालं की दहा उड्या मारा. जे वाजेल त्यावर टेप मारा किंवा ते काढून ठेवा.

हे झालं स्वतःपुरतं. मीही बरीच वर्षं जॅकेट असंच स्वतःपुरतं लावत होतो.

2016 साली कुपवाड्यात मक्याच्या शेतालगत आमचा वेढा लागला होता. माझ्या बडीच्या, म्हणजे जोडीदार जवानाच्या, मांडीत ग्रेनेडचा तुकडा घुसला. नियम असा की जखमीचं रक्त जखमीच्याच सामानातल्या टूर्निकेनं (हातापायावर आवळून रक्त थांबवायचा पट्टा) थांबवायचं, आपलं आपल्यासाठी राखायचं. मी त्याच्या जॅकेटवर हात फिरवू लागलो. डावीकडे नाही, पुढे नाही. तो शुद्धीवर होता, पण त्याला बोलता येईना. शेवटी टूर्निके सापडलं ते पाठीकडच्या पाऊचमध्ये, सुक्या मेव्याच्या पुडीखाली, कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकमध्ये जसंच्या तसं. रक्तानं ओले हात आणि गुळगुळीत प्लास्टिक. दातांनी फाडलं. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. त्याची ती वाचली होती, म्हणून तो आज गावी आहे, लंगडतो, शेती करतो. मात्र माझे ते हात शोधत राहिले, ते मी विसरू शकत नाही. महिनोन्‌महिने आम्ही शेजारी झोपलो, एका ताटात जेवलो, आणि त्याचं टूर्निके कुठे असतं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंही माझं विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या सेक्शननं, म्हणजे छोट्या तुकडीनं, एक गोष्ट ठरवली. टूर्निके छातीच्या मधोमध, मॅगझिनच्या वर, प्लास्टिक काढून, पट्टा उघडा घडी करून, रबरानं अडकवलेलं. कुठलाही एक हात निकामी झाला तरी दुसऱ्यानं निघालं पाहिजे. शेजारी काळा मार्कर, कारण टूर्निके आवळल्याची वेळ लिहून ठेवावी लागते. मलमपट्टीचा पाऊच सगळ्यांचा डाव्या कमरेला. बाकी ज्याला जसं सोयीचं तसं लावू दे, या दोन जागा मात्र कोणी बदलायच्या नाहीत.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुझ्या बडीच्या जॅकेटवर काय कुठे आहे, सांग पाहू.

गावातल्या शिंप्याकडून मी जाड कापडाची दोन सरावाची जॅकेटं शिवून घेतली आहेत, प्लेटच्या जागी वाळूच्या पिशव्या. दोघादोघांना समोरासमोर उभं करतो, एकाचे डोळे गमछ्यानं बांधतो आणि समोरच्याच्या छातीवरून टूर्निके काढायला लावतो. पहिल्या दिवशी सगळे चाचपडले. आमच्यात एक डावखुरी मुलगी आहे, पोलीस भरतीची तयारी करते. परवा तिनं जॅकेट घेतलं, न विचारता मॅगझिनचे पाऊच आणि रेडिओ उजवीकडे हलवले, डावा खांदा मोकळा केला. मलमपट्टीचा पाऊच आणि टूर्निके मात्र होते तिथेच ठेवले.