क्लेमचे पैसे एकदम घ्यायचे की महिन्याला?

अपघाताच्या क्लेमचा निकाल लागला की घरात सगळे विचारतात पैसे कधी मिळणार, पण कसे मिळणार हे कोणी विचारत नाही, आणि मला तर वाटतं तोच जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे ट्रिब्युनल (अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) भरपाई एकदाच आणि एकरकमी ठरवतं. समजा 28 वर्षांचा टेम्पो ड्रायव्हर, महिना 15,000 कमवायचा, पाय गेला आणि कोर्टाने कमाई 60 टक्के गेली असं धरलं. 15,000 वर पुढच्या वाढीचे 40 टक्के (सुप्रीम कोर्टाचा 2017 चा प्रणय सेठी निकाल) म्हणजे 21,000, वर्षाचे 2,52,000, त्याचे 60 टक्के 1,51,200, आणि त्याला 17 ने गुणायचं कारण 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 26 ते 30 वयाला 17 दिलंय. झाले 25,70,400. दवाखान्याचा खर्च, वेदनांचे वगैरे वेगळे. आता हा पोरगा अजून तीसेक वर्षं गाडी चालवणार होता, मग 17 च का? तर हिशोबातच धरलंय की पैसे बँकेत राहतील, व्याज येईल, आणि व्याज-मुद्दल मिळून थोडं थोडं करत शेवटपर्यंत पुरेल. एकदम काढून स्लॅब टाकला की तो हिशोबच कोसळतो.

आणि काढायला लावणारे असतातच. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा नवरा गेला, रक्कम आली, आणि मग दिराच्या ट्रॅक्टरचे थकलेले हप्ते, मामेसासऱ्यांच्या मुलीचं लग्न, सगळे "लगेच परत देतो" वाले. नाही म्हणायची सोय नव्हती त्यांना. दुसऱ्या दिवाळीपर्यंत पासबुकात काही उरलं नाही.

हे कोर्टालाही माहीत आहे. 1993 च्या सुसम्मा थॉमस निकालात सुप्रीम कोर्टाने अल्पवयीन मुलं, विधवा, अशिक्षित लोकांचे पैसे एफडीत ठेवायला सांगितलं. पण मग ट्रिब्युनलवाले सगळ्यांचेच पैसे सरसकट अडकवायला लागले, तेव्हा 2012 मध्ये सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं की माणूस आणि त्याची गरज बघून ठरवा. बरोबरच आहे, सावकाराचं व्याज चालू असताना एफडीची पावती काय कामाची!

तिसरा रस्ता म्हणजे मॅकॅड, बँकेतली खास अपघात भरपाईची ठेव. एकरकमी ठेवायची, दर महिन्याला मुद्दल आणि व्याज मिळून ठरावीक रक्कम खात्यात येते, आणि त्यावर कर्ज काढता येत नाही, हे फार चांगलं आहे. पण मुदत 36 ते 120 महिने. 20 लाख 7 टक्क्यांनी 10 वर्षं ठेवले तर महिना साधारण 23,200 येतील आणि आपला ड्रायव्हर 38 चा झाला की शून्य. तेच 20 लाख मासिक व्याजाच्या एफडीत ठेवले तर महिना साडेअकरा हजाराच्या आसपास येतात आणि मुद्दल शाबूत राहतं. तरुण माणसाला मी ही व्याजाची एफडीच सांगेन. महागाई मात्र दोन्हीकडे खातेच. इंग्लंडमध्ये 2005 पासून कोर्ट भरपाई दरवर्षीच्या हप्त्यात द्यायचा हुकूम करू शकतं आणि सांभाळणाऱ्याच्या खर्चाचा हप्ता त्या कामातल्या पगारवाढीला जोडता येतो, आपल्याकडे असं काही व्हायलाच हवं.

तोपर्यंत निदान इतकं करा, शेवटच्या युक्तिवादाआधी वकिलांना लेखी द्या की कर्ज किती, कृत्रिम पायाला किती (तो काही वर्षांनी बदलावा लागतो), घर चालवायला महिना किती. कर्ज आणि पाय एवढे रोख मागा, बाकीचं महिन्याला. आणि पुढे मध्येच ऑपरेशन निघालं तर बँक मॅनेजरशी भांडू नका, कोर्टाच्या हुकमाशिवाय ती एफडी मोडणं त्याच्या हातात नसतं, त्याच ट्रिब्युनलमध्ये हॉस्पिटलचं एस्टिमेट जोडून अर्ज करा.