दोन हजारवाल्या समीकरणाचं धाकटं मूळ अखेर जागेवर

माझा प्लॉटर (पेनने कागदावर आलेख काढणारं यंत्र) समीकरणाची मुळं काढून तिथे फुली मारतो; मागच्या नोंदीत एक फुली सुमारे सव्वा मिलिमीटर चुकली होती. तो फरक गेला. प्लॉटरचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

समीकरण तेच: क्ष² − २०००क्ष + १ = ०. शून्याजवळची खिडकी, ०.०००१ ला १० मिमी. एवढ्याशा तुकड्यात अन्वस्त (वर्गसमीकरणाचा वक्र आलेख) सरळ रेषेसारखाच दिसतो आणि क्ष-अक्षाला ५० मिमीवर छेदतो. फुली मात्र ४८.८ वर. पेन सरकवणारा पट्टा सैल म्हणावा, तर १०० मिमीचा चौकोन व्हर्नियरवर चोख; मोटरचे ८० स्टेप प्रति मिमी जुळलेले. कुपवाड एमआयडीसीत लेथवर करून घेतलेली पेनची पकड जराही हलत नाही (बाजारातल्या प्लास्टिकच्या पकडीपेक्षा कितीतरी बरी). क्ष² − ५क्ष + ६ च्या फुल्याही २ आणि ३ वर नेमक्या. राहिला हिशोब.

अक्ष² + बक्ष + क = ० चा विवेचक ब² − ४अक; इथे तो ३९९९९९६, फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायचा ४ बाइटचा प्रकार) बिनचूक बसतो. वर्गमूळ १९९९.९९९०००. पण २००० च्या अलीकडे फ्लोटचे शेजारचे आकडे ०.०००१२२ अंतरावर असतात, म्हणून साठतं १९९९.९९९०२३. ते २००० मधून वजा केलं की पुढचे खरे अंक उडतात आणि शेपटातली चूकच मोठी होऊन बसते: निम्मे केल्यावर ०.०००४८८, खरं मूळ ०.०००५००. फ्लोटऐवजी डबल (एरवी दुप्पट बाइटचा, जास्त अंकांचा प्रकार) लिहून उपयोग नाही. प्लॉटर चालवणाऱ्या अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डवर (आर३ किंवा त्याआधीच्या) डबलही ४ बाइटचाच.

म्हणून ती वजाबाकीच टाळली. ब चं जे चिन्ह, तेच वर्गमूळाला देऊन ब मध्ये मिळवायचं आणि −२ ने भागायचं. येईल तो प. एक मूळ प/अ, दुसरं क/प, कारण मुळांचा गुणाकार क/अ. इथे प १९९९.९९९५, धाकटं मूळ ०.०००५००, फुली थेट रेषेवर! एक खाच आहे: ब = ० असताना चिन्हाच्या फंक्शनने ० दिला तर प ही शून्य होतो आणि भागाकार बोंबलतो. तिथे + धरा. ब आणि क दोन्ही शून्य असतील तर ते आधीच वेगळे काढा.

आता जुळी, म्हणजे एकमेकांना अगदी खेटलेली मुळं. क्ष² − ४क्ष + ३.९९९ मध्ये २० मिमीला १ एकक घेतलं तर मुळांत १.२६ मिमी अंतर, पण शिरोबिंदू अक्षाखाली फक्त ०.०२ मिमी. ०.५ मिमीच्या पेनने अक्षावर सहा मिमीचा नुसता काळा पट्टा उमटतो. यावर (०, १) आणि (४, ३.९९९) यांना जोडणारा व्यास घेऊन वर्तुळ काढायचा बेत होता, ते अक्षाला मुळांवरच छेदतं. लिहिता लिहिता आकडे घातले, तर वर्तुळाचा पट्टा १४ मिमी! बेत रद्द. त्यापेक्षा य-अक्ष ५० पट ताणू: शिरोबिंदू १ मिमी खाली जातो आणि दोन छेद सुटे दिसतात. गणपती पेठेतला छापील आलेख कागद मात्र नको, १८ सेमीत जवळजवळ १ मिमी खातो. चौकटीही प्लॉटरनेच काढायच्या.